नवलाईचा दिल्लीतला कौल

"नारियल अंदर नहीं जाएगा," दारावरचा शिपाई म्हणाला.

भागोजी गुरवाच्या पिशवीतून निघालेला नारळ त्याने कानाशी धरून हलवला. आत पाणी खळखळलं तसा त्याचा संशय आणखीच वाढला. मागे रांग खोळंबली होती. दिल्लीची माघातली थंडी, आणि आम्ही तिघं कोकणातली माणसं, एकावर एक सदरे चढवून संग्रहालयाच्या दारात उभे.

"साब, ये खाने का नारियल नहीं," मी म्हणालो. "ये दवा है. बाबा को चक्कर आता है. चक्कर आया की ये फोडके पानी पिलाने का."

"अंदर फोड़ेंगे?" शिपायाचे डोळे मोठे झाले.

"अंदर चक्कर आया तो अंदर, बाहर आया तो बाहर."

शिपायाने नारळ सामानघरात ठेवला आणि माझ्या हातावर पत्र्याचा बिल्ला टेकवला. पिशवीतलं ओलं फडकं त्याने उलगडून पाहिलं. आत झेंडूच्या पाकळ्या होत्या. त्या जाऊ दिल्या.

"सोन्या," मागून सुभानराव चाळके घोगऱ्या आवाजात म्हणाले, "देवीच्या नारळाला बिल्ला? तू दिल्लीत राह्यला व्हतास ना रं? नारळ आत घेत न्हायत, हे तुला ठावं नव्हतं?"

"मी होतो तेव्हा घ्यायचे," मी म्हणालो. "अलीकडे बंद झालं असणार."

मी, सोनू पाष्टे, तरुणपणी तीन वर्षं दिल्लीत होतो ही गोष्ट आमच्या कोंडसावली गावात सगळ्यांना माहीत होती. फक्त मला माहीत नव्हती. कधीतरी कुणाच्या तरी ओटीवर बसून मी ती सांगितली असणार, आणि इतकी झकास सांगितली असणार की लोकांनी ती ठेवून घेतली. एरवी माझ्या गोष्टी गावात कुणी खऱ्या मानत नसे. खेकड्याने माझी विडी ओढली, पुरात मी भोपळ्यावर बसून सासुरवाडीला गेलो आणि सासऱ्याने आधी भोपळ्याची विचारपूस केली, असल्या गोष्टी लोक हसून सोडून देत. पण दिल्ली कुणी पाहिलीच नव्हती. तिथे खरं कुठे संपतं आणि पाष्ट्या कुठे सुरू होतो, हे कुणाला सांगता येईना. त्यामुळे दिल्लीला जायची वेळ आली तेव्हा अख्ख्या सभेच्या माना माझ्याकडे वळल्या.

ती वेळ का आली, तेही ऐका. आमच्या गावची देवी नवलाई. देवीच्या धातूच्या मुखवट्याला आमच्याकडे रूपं म्हणतात. शिमग्यात ती रूपं पालखीत बसवायची, पालखी खांद्यावर घेऊन नाचवायची, घरोघर न्यायची. तेव्हा कुठे गावाचं वर्ष पुरं होतं. ती रूपं एका पावसाळ्यात चोरीला गेली. पुढे कुठल्याशा बंदरात पकडली गेली, सरकारजमा झाली, आणि फिरत फिरत दिल्लीला काचेच्या कपाटात जाऊन बसली. गावाने ती परत मागितली, तर विचारणा आली, तुमचीच कशावरून? आता आई आपलीच कशावरून, ह्याला माणूस काय दाखवणार? तेव्हापासून आमची पालखी उठली नव्हती. लग्न होऊन गावात आलेल्या, पोराबाळांच्या आया झालेल्या सुनांनीही ती नाचताना पाहिली नव्हती.

वरची वाडी म्हणे, नवी रूपं घडवू. खालची वाडी म्हणे, देवी दिल्लीत बसलेली असताना नव्या पत्र्याला देवी कोण म्हणेल? खालच्या वाडीचं म्हणणं म्हणजे सुभानराव चाळक्यांचं म्हणणं. पालखीचा पहिला खांदा पिढ्यान्पिढ्या चाळक्यांचा. नवी रूपं वरची वाडी घडवणार, मग पहिला खांदाही तीच मागणार, हे त्यांनी बरोबर ओळखलं होतं. आणि दोन्ही वाड्यांच्या मधे, रिकाम्या देवळात, भागोजी गुरव. रूपं गेली तेव्हा देवळाची किल्ली त्याच्या कमरेला होती. त्याला तोंडावर कुणी काही बोललं नाही. पण लग्नाकार्याला त्याला शेवटचं बोलावणं जाई, आणि तो आला की ओटीवरची माणसं हवापाण्याचं बोलू लागत.

सत्तरी ओलांडलेल्या त्या माणसानेच शेवटी तोड काढली. भर सभेत उभा राहिला आणि म्हणाला, "देवीलाच विचारू. ती हाय तिथं जाऊन मी कौल लावतो. उजवा दिला तर नवी रूपं घडवा. डावा दिला तर पालखी मोडून माज्या चुलीत घालतो, आन पुना कुनी शब्द काढायचा न्हाय."

कौल म्हणजे असं, की देवीच्या अंगावर ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, एक तिच्या उजव्या अंगाला, एक डाव्या. मग गाऱ्हाणं घालून प्रश्न विचारायचा. उजवी आधी सुटून पडली तर देवी हो म्हणाली. डावी पडली तर नाही. आमच्याकडे सोयरिकीपासून विहिरीपर्यंत सगळं असंच ठरतं, आणि त्यावर वरचं कोर्ट नाही.

साक्षीदार म्हणून चाळके निघाले, कारण खालची वाडी दुसऱ्या कुणाच्या शब्दावर पाणी प्यायली नसती. मी हिंदीसाठी. निघताना चाळक्यांनी सभेत अट घातली, "ह्यो पाष्ट्या देवीच्या आसपास दिसता कामा न्हाय. वरच्या वाडीचा हाय. फुंकर मारून कौल पाडील." मला राग आला नाही. आपली कीर्ती ऐकून कुठल्या कारागिराला राग येतो?

तर आम्ही आत शिरलो. दालनामागून दालन, आणि प्रत्येकात देव. दगडाचे, पितळेचे, हात तुटलेले, नाक गेलेले. भागोजी प्रत्येकापुढे चप्पल काढी, हात जोडी, आणि पुन्हा चप्पल घाली.

"हे कुठल्या गावचे असतील रं सोन्या?" त्याने एका नंदीच्या पाठीवरून लांबूनच हात फिरवल्यासारखा केला. "ह्यांच्या गावात आता काय करत असतील?"

"आपल्यासारखीच भांडत असतील," मी म्हणालो.

"पुढं चला," चाळके गुरगुरले. "सगळ्यांना नमस्कार करत बसलास तर शिमगा हितंच व्हईल."

आणि एका कोपऱ्याच्या दालनात, मधोमध, काचेच्या चौकोनी कपाटात, नवलाई दिसली.

तेच रुंद गाल, तेच किंचित उघडे ओठ, काहीतरी बोलायला निघावं आणि कुणी हाक मारावी तसे. भागोजी तिच्यासमोर उभा राहिला आणि एकदम खालीच बसला.

"हिचं कपाळ पुसलं रं कुनी," तो म्हणाला.

खरंच. आमच्या आज्या-पणज्यांनी लावलेल्या कुंकवाचा कपाळावर थर होता, तो खरवडून, घासूनपुसून लख्ख केला होता. साफसफाई करणाऱ्याने चांगल्याच हेतूने केलं असणार. पण सवाशिणीचं कपाळ पुसतात तेव्हा काय झालेलं असतं, हे आमच्याकडच्या लहान पोरीलाही कळतं.

चाळके खाली वाकून कपाटाला लावलेली पाटी पाहत होते. "सोन्या, हितं काय लिवलंय?"

मी वाचलं, "देवी-मुखौटा. पश्चिमी तट. नाम अज्ञात."

"अज्ञात म्हंजे?"

"म्हणजे ठाऊक नाही."

"कुनाला ठावं न्हाय?"

"ह्यांना."

चाळक्यांनी पाटी स्वतः वाचली, ओठ हलवत. एका लग्नात मानाच्या विड्यासाठी त्यांचं नाव पहिलं नव्हे, दुसरं पुकारलं, म्हणून हा माणूस भरल्या ताटावरून उठून गेला होता. आता त्या 'अज्ञात'वरून त्यांनी अंगठा फिरवला, पुसलं जातंय का ते बघत.

दालनात एक पहारेकरी बाई स्टुलावर बसली होती. खाकी स्वेटर, छातीवर 'नेगी' अशी पाटी, आणि हातात लोकरीच्या सुया. विणता विणता तिची नजर आमच्यावरच होती.

मी जवळ गेलो. "बहनजी, हम मुंबई यूनिवर्सिटी से आए है. ये बडे प्रोफेसर," मी भागोजीकडे बोट दाखवलं. प्रोफेसर जमिनीवर बसून उपरण्याने डोळे पुसत होते.

"चाचाजी," ती सुई न थांबवता म्हणाली, "झूठ मत बोलो. बात क्या है?"

मग मी सरळ सांगितलं. आमचं गाव, चोरी, पालखी, गुरव, सगळं. तिने विणकाम मांडीवर ठेवलं.

"हमारे हिमाचल में भी देवता पालकी में चलता है," ती म्हणाली. "पूछो तो हिल के जवाब देता है. आप लोग पूछ लो. पर काँच को हाथ नहीं लगाना."

"फूल लगाना पडेगा."

तिने विचार केला. "फूल लगेगा. हाथ नहीं लगेगा. और साहब आ गए, तो मैंने कुछ नहीं देखा."

आयुष्यात पहिल्यांदा खरं बोललो आणि पहिल्याच फटक्यात काम झालं. मला ते मुळीच आवडलं नाही. माणसाच्या हातातली कला अशाने जाते.

पाण्याचा तांब्याही नारळासारखा दारावरच अडवला होता, म्हणून मी व्हरांड्यातल्या यंत्राचं पाणी ओंजळीत आणलं. चाळक्यांनी नाक मुरडलं. "सरकारी पानी? आन ही काच म्हंजे काय देवी हाय? कौल काचेचा धरायचा का देवीचा?"

भागोजी आता उठला होता. रडून झाल्यावर त्याचा आवाज साफ झाला होता. "सुभानराव, देवळात तुमी उंबऱ्याच्या भायेर उभं राहून तिला इचारता, तवा मधी हवा असते. हितं काच हाय. तिला आरपार दिसतंय. तुमाला दिसतंय का, ते बघा."

चाळके माझ्याकडे वळले. मग मला म्हणाले, "तू त्या तिकडं, बाकाजवळ. हलायचं न्हाय." ते स्वतः कपाटाच्या कोपऱ्याशी, देवीच्या डाव्या अंगाला उभे राहिले. तिथून दोन्ही बाजू नीट दिसत होत्या.

गुरवाने पाकळ्या भिजवल्या. एक देवीच्या उजव्या गालासमोर काचेवर लावली, एक डाव्या. दोन पिवळे ठिपके. मग हात जोडले, डोळे मिटले, आणि गाऱ्हाणं सुरू करणार एवढ्यात दालनात शाळेची सहल घुसली. पन्नासेक पोरं, दोन बाई, आणि त्या कल्लोळाच्या मागोमाग काळ्या कोटातले एक साहेब.

"ये क्या हो रहा है?" साहेब म्हणाले. "ये फूल किसने लगाए? किसकी परमिशन से?"

नेगीबाईने विणकामात मान खाली घातली. भागोजीने डोळे उघडले नाहीत. चाळक्यांनी आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडे आशेने पाहिलं.

आणि मी बाकावर चढलो.

"आइए साहब, आइए!" मी ओरडलो. "आपकी ही राह देख रहे थे! बच्चा लोग, बैठ जाओ, बैठ जाओ! आज का जिंदा कार्यक्रम! कोंकण में देवी को सवाल कैसे पूछते, वो देखने का!"

"कौन सा कार्यक्रम?" साहेब खालच्या आवाजात म्हणाले. "मुझे तो..."

"ऊपर से ऑर्डर है ना, साहब," मी वाकून त्यांच्या कानाशी लागलो. "आपको तो मालूमच है."

आता सरकारी कचेरीची एक खोड मी रत्नागिरीच्या कचेरीत चकरा मारून मारून शिकलो होतो. तिथे चूक केलेली चालते, पण वरचं आपल्याला कळवलं नव्हतं असं चारचौघांत कबूल करणं चालत नाही. साहेबांनी कोट सारखा केला. "हां, हां. मालूम है," ते म्हणाले, आणि पोरांकडे वळून त्यांनी स्वतःच सांगितलं, "बच्चों, ध्यान से देखो. ये हमारी महान परंपरा है." मग नेगीबाईला दरडावलं, "एक कुर्सी लाओ मेरे लिए. पहले से क्यों नहीं रखी?"

"ये बाबा बोलेगा," मी पोरांना म्हणालो. "बाबा रुकेगा, तब सब लोग जोर से बोलने का, होय म्हाराजा! बोलो!"

"होय म्हाराजा!" पन्नास पोरांनी छप्पर उचललं. साहेबांचाही ओठ हलला.

भागोजीने सुरू केलं. सुरुवातीला आवाज फाटला, मग लागला.

"आई नवलाई! कोंडसावलीच्या धनिनी!"

"होय म्हाराजा!"

"तुजी वाट चुकली न्हाय, आमची चुकली. तुला राखायचं काम माज्याकडं व्हतं, ते माज्यानं झालं न्हाय!"

"होय म्हाराजा!" पोरं आनंदाने ओरडली. त्यांना एक अक्षर कळत नव्हतं.

"त्याची सजा मला दे. गावाला देऊ नको. तुजी पालखी रिकामी हाय. नवी रूपं घडवली तर हितनं उठून त्यात येशील का? येनार असशील तर उजवा दे. न्हाय तर डावा दे. पन आज गप बसू नको!"

"होय म्हाराजा!"

पाकळ्या हलेनात. काच गार होती, पाणी वाळत नव्हतं. भागोजीने पुन्हा विनवलं, पोरांनी पुन्हा गर्जना केली. त्याचे मिटलेले डोळे वाहत होते. एका बाईंनी पोरांना "शू!" केलं आणि मग स्वतःच "होय म्हाराजा" म्हणाल्या.

मधेच नेगीबाईचा आवाज आला. "अंकलजी! काँच से हाथ हटाइए!"

ती चाळक्यांना म्हणत होती. ते कोपऱ्याला टेकून उभे होते आणि त्यांचा हात काचेवर होता. उभं राहून थकले असतील, साठी उलटलेला माणूस. त्यांनी हात काढला नाही.

"अंकलजी, सुनाई नहीं देता? हाथ!"

सुभानराव चाळक्यांना चारचौघांत असं कुणी बोललेलं मी कधी पाहिलं नव्हतं. ते तिच्याकडे वळलेसुद्धा नाहीत. देवीकडे बघत होते. त्यांच्या मानेची शीर तट्ट फुगली होती.

"आई, बोल की गं!" भागोजी म्हणाला. एवढंच. त्यात गाऱ्हाण्याचा सूरही उरला नव्हता.

आणि उजवी पाकळी सुटली. काचेवरून घसरत, एकदा अडखळत, खाली पडली.

मी बाकावरून उडी मारली. पोरांनी टाळ्या पिटल्या. साहेबांनी उठून टाळ्या वाजवल्या. भागोजीने डोळे उघडले, पाकळी उचलली, कपाळाला लावली, आणि जमिनीवर पालथा पडून त्याने नमस्कार घातला. चाळक्यांनी हात काचेवरून काढला आणि सदऱ्याच्या खिशात घातला. स्टेशन येईपर्यंत तो त्यांनी बाहेर काढला नाही. मी ते थंडीवर ढकललं.

साहेबांनी मला जवळ घेतलं. "बहुत अच्छा कार्यक्रम था. हर साल रखिए. और ऊपर बता दीजिए, हमारी तरफ से पूरा सहयोग मिला."

"ऊपर बताया जाएगा," मी म्हणालो. आम्ही तर देवीलाच बोलावून नेत होतो, त्यामुळे ते वचन पाळायला मला अवघड गेलं नाही.

निघताना नेगीबाईने हळूच विचारलं, "क्या बोली?"

"आती है, बोली."

"अच्छा है," ती म्हणाली. "यहाँ ठंड बहुत है."

परतीच्या गाडीत भागोजी लहान पोरासारखा झोपला. चाळके खिडकीशी बसले होते. बाहेर पिवळी सरसोची शेतं मागे पळत होती. ते म्हणाले, "सोन्या. तू बाकावर उभा व्हतास."

"होतो."

"उंचावरनं बरंच दिसत असंल."

"दिसतं की. कुतुबमिनार दिसला. ताजमहालाची पाठ दिसली."

"खरं सांग."

"सुभानराव, मी खरं सांगितलं तर ते तुम्ही ओळखणार कसं?"

ते हसले. त्या माणसाचे दात मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले.

गावात सभा भरली तेव्हा देवळाच्या पायरीवर पाय ठेवायला जागा नव्हती. मी तोंड उघडलं मात्र, दोन्ही वाड्यांतून एकच आवाज आला, "तू गप!" भागोजी बोलायला उठला, पण त्याचं बोलणं धरायचं कसं? गुरव पालखीसाठी जीव टाकतोय हे सगळ्यांना माहीत होतं. सगळ्या नजरा चाळक्यांवर.

ते उठले. "उजवा," ते म्हणाले. "माज्या डोळ्यांनी बघितला. देवी येते म्हनली."

खालच्या वाडीचा त्यांचाच पुतण्या म्हणाला, "काका, नक्की?"

"चाळके खोटं बोलतो, असं म्हनायचंय का रं तुला?"

पुतण्या खाली बसला. मग वरच्या वाडीतून कुणीतरी चाचरत विचारलं, "मग पहिला खांदा..."

"रूपं तुमी घडवताय, पहिला खांदा तुमचा. माजा कुठंबी लावा. फकस्त एक. नव्या रूपांखाली तिचं नाव घाला. ठळक. लांबून वाचता आलं पायजे."

तो शिमगा मी विसरायचा नाही. कासाराने रूपं घडवली, बायकांनी ती कुंकवाने माखून काढली, गुरवाने प्राण घातला, आणि भर दुपारी पालखी उठली. पालखीत पाहण्यासारखं काय असतं, हे सुनांना पहिल्यांदा कळलं. ढोल असा वाजत होता की झाडावरचे आंबे मोहोरासकट गळतील. पहिल्या खांद्याला वरच्या वाडीचे तरणे, आणि पार मागे, दांडीच्या टोकाला, घामाने निथळणारे सुभानराव चाळके.

मी आणि भागोजी, पालखी टेकवतात त्या सहाणेच्या कट्ट्याशी उभे होतो. माझ्या पोटात एक गोष्ट दिल्लीपासून टोचत होती. मी गोष्टी पोटात ठेवणारा माणूस नव्हे, आणि ही तर खरी होती. खऱ्या गोष्टीचा मला सराव नाही, ती पचत नाही.

"भागोजी," मी म्हणालो, "तुझे डोळे मिटलेले होते. मी बाकावर होतो. मला दिसलं. उजवीच्या आधी डावी सुटली होती. अर्धी खाली आली होती. चाळक्याने ती अंगठ्याने काचेवर दाबून धरली. ती बाई ओरडत होती, हात काढ म्हणून, पण त्याने काढला नाही. उजवी पडेपर्यंत धरून ठेवली, आणि तीच पाकळी हातात घेऊन तो हात खिशात घातला."

मला वाटलं, म्हातारा कोसळेल. तो पालखीकडेच बघत राहिला.

"मला ठावं हाय," तो म्हणाला.

"काय ठावं हाय? डोळे मिटलेले होते ना तुझे?"

"सोन्या, सगळं आयुष्य कौल लावण्यात गेलं माजं. कुठला गुरव डोळे पार मिटतो रं?"

"मग तू गप्प कसा? डावा कौल होता तो! देवी नाही म्हणाली होती!"

भागोजी माझ्याकडे वळला. मी कशी आणि कुणाला थाप मारतो, हे तो आयुष्यभर ऐकत आला होता. माझी त्याने कधी कीव केली नव्हती. त्या दिवशी केली.

"तिनं पाकळीनंच बोलायचं, असा कायदा कुनी केलाय का?" तो म्हणाला. "सुभान्या दिल्लीला गेला तो डावा बघायला गेला. डावा पडत व्हता. त्याला फकस्त गप उभं राहायचं व्हतं. मग त्याचा अंगठा कुनी हलवला, सांग की."

तेवढ्यात ढोल अगदी कानाशी आला, पालखी डुलत डुलत थेट आमच्या अंगावर आली. दांडीच्या टोकाला चाळक्यांचा खांदा घसरत होता.

"बघतोस काय," भागोजी ओरडला, "थकलाय तो, खांदा दे!" आणि त्याने मला पाठीत हात घालून पालखीखाली ढकललं.